दुखण्यापेक्षा चालण्याकडे पाहा

पाठ दुखली की आपण शेकतो, मलम चोळतो, चार दिवस वाट पाहतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतंही. पण मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर दुखणं किती आहे यावरून आजाराची खोली कळत नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो: कालपर्यंत सहज जमणारं आज काय जमेनासं झालंय?

असं का? मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. मेंदूचे हुकूम हातापायांना आणि तिथली जाणीव मेंदूला त्याच्यातूनच जाते. तो मणक्यांच्या हाडी नळीत सुरक्षित असतो. पण ही नळी ताणली जात नाही. मानेतली झिजून सरकलेली चकती, मणक्याच्या टीबीचा पू, स्तनाच्या, फुप्फुसाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरची पसरलेली गाठ, अपघातात मोडलेलं हाड, आत काहीही आलं तरी दाबला जातो तो रज्जूच.

मानेतला दाब तर कित्येकदा फारसा न दुखताच वाढतो. शर्टाची बटणं लागत नाहीत, हातातून भांडं सुटतं. पायातली चप्पल निसटते आणि पत्ताच लागत नाही. अंधारात तोल जातो, पाय ताठ पडतात, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. पुढे लघवी अडते किंवा नकळत होते. घरात याला ‘अशक्तपणा’, ‘वय झालं’, ‘वात’ म्हणतात आणि मालीश सुरू होतं. मोलाचे दिवस त्यातच जातात.

निदान एमआरआयने होतं, उपचार कारणाप्रमाणे. टीबीला अनेक महिन्यांची औषधं, चकतीला किंवा हाडाला शस्त्रक्रिया, कॅन्सरच्या गाठीला स्टिरॉइड, किरणोपचार आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅन्सरमुळे रज्जू दाबलेल्यांपैकी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेले ८४ टक्के रुग्ण चालू शकले. नुसत्या किरणोपचाराने ५७ टक्के. डॉक्टरांनीही यश मोजलं ते चालण्यावरूनच.

उपचार सुरू होताना जो चालत असतो, तो बहुधा पुढेही चालतो. पाय पूर्ण लुळे पडल्यावर ताकद परत येईलच, याची खात्री कोणी देत नाही.

म्हणून घरातल्या माणसाला ‘किती दुखतंय?’ एवढंच विचारून थांबू नका. चालून दाखवायला सांगा, बटण लावायला सांगा, लघवीबद्दल संकोच न करता विचारा. पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.