धूर आणि अग्नी

जे डोळ्यांस दिसत नाही, त्याचे अस्तित्व केवळ खुणेवरून मान्य करावे काय? धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास नैयायिकांनी आपणांस शिकविले, आणि वणीच्या कोळशाच्या मुलखात राहणाऱ्यास ते सहज पटते. विश्वातील द्रव्याचे सहांपैकी सुमारे पाच भाग अदृश्य आहेत, असे ज्योतिर्विद तारकासमूहांच्या गतीवरून सांगतात. या कृष्णद्रव्याचे कण परस्परांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यांतून पॉझिट्रॉनसारखे प्रतिद्रव्य निघावे. म्हणून त्याचा धूर विश्वकिरणांत शोधावयाचा. पॉझिट्रॉन १९३२ साली अँडरसन यांस तेथेच गवसला. इलेक्ट्रॉनशी होणाऱ्या त्याच्या टकरीचे गणित आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. २०११ पासून अंतराळस्थानकावरील एक उपकरण हे कण मोजीत आहे. उच्च ऊर्जेचे पॉझिट्रॉन अपेक्षेहून अधिक भरले खरे. परंतु स्पंदतारेही ते फेकतात! धूर खरा, अग्नी कोणता हे अनिश्चित. असला हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार. आयुष्य वेचलेल्या संशोधकाने अशा वेळी ‘सापडले’ हा शब्द ओठांवर अडवून धरणे, ही मला बुद्धीहून शीलाची कसोटी वाटते. काहींनी आता प्रतिड्यूटेरॉनाकडे दृष्टी वळविली आहे. मंदगतीचा तो कण सामान्य टकरींतून क्वचितच उपजतो.