एका नावाची कैफियत

१९७५ च्या जानेवारीत, मुंबईस वानखेडे मैदानावरचा पहिलाच कसोटी सामना चालू असता, आमच्या देवगडच्या घराच्या पडवीत ट्रान्झिस्टरभोवती जी मंडळी जमत असे, तीत मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, इतिहासाचे वेड असलेले आणि क्रिकेटचे मुळीच नसलेले असे एक नाना होते. खरखरीतून वेस्ट इंडीजच्या कर्णधाराचे नाव तिसऱ्या-चौथ्या वेळी कानी पडताच त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्या वडिलांस विचारले, “काय हो अप्पा, हा लॉर्ड क्लाइव्ह पुन्हा मुंबईत कशाला उतरला?” लॉइडचा त्यांनी लॉर्ड केला होता. पडवीत हशा पिकला. नाना मात्र हसले नाहीत.

त्यांच्या न हसण्यास कारण होते. आमच्या उत्तरेस, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार त्याच्यावर समुद्रातून तोफा डागीत असता किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचे आधिपत्य ज्याच्याकडे होते, तो रॉबर्ट क्लाइव्ह. एक पेटता गोळा एका जहाजावर पडला, आग एका शिडावरून दुसऱ्या शिडावर गेली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार पाहता पाहता जळून खाक झाले. पेशवे या मोहिमेत इंग्रजांचे दोस्त होते. तथापि किल्ला हाती येताच इंग्रजांनी पेशव्यांच्या माणसांस आत पाऊल टाकू दिले नाही, आणि सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली. प्लासी त्यानंतर सव्वा वर्षाने झाली. नानांचे म्हणणे असे की बंगालच्या मसनदीचा सौदा करण्याचे शिक्षण या गृहस्थाने आमच्या खाडीवर घेतले. इतिहासकार हे मान्य करतील की नाही न कळे, पण देवगड तालुक्यात त्यास हरकत घेणारा कोणी भेटत नसे.

असे हे नाव जॉर्जटाउनच्या एका कृष्णवर्णी मुलास कसे चिकटले, हा प्रश्न नानांनी टाकला आणि तो पुढे माझ्याच मागे लागला.

मुळात क्लाइव्ह हे माणसाचे नाव नव्हेच. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, श्रूजबरीच्या उत्तरेस, एका वालुकाश्माच्या डोंगराच्या उतारावर या नावाचे खेडे आहे, आणि प्राचीन इंग्रजीत कडा अथवा उतार असा अर्थ असणाऱ्या ज्या शब्दातून आजचा ‘क्लिफ’ आला, त्याचाच हा दुसरा अवतार. गावावरून आडनाव पडले, जसे आपल्याकडे ‘कर’ लागून पडते. फरक इतकाच की आपण प्रत्यय लावून गाव आणि माणूस वेगळे ठेवतो, आणि इंग्रज गावच्या गाव अंगावर पांघरतो. पण आडनाव पुढे सरकून पाळण्यात जाऊन बसावे, हा प्रकार आपल्या कल्पनेपलीकडचा आहे. आपण मुलाचे नाव शिवाजी ठेवतो, बाजीराव ठेवतो. कान्होजींविषयी कितीही भक्ती असली तरी बारशाला ‘आंग्रे’ असे नाव कोणी कुर्र करून मुलाच्या कानात सांगितल्याचे ऐकिवात नाही. इंग्लंडात मात्र सिडनी, पर्सी, हॉवर्ड ही सारी थोरामोठ्यांची आडनावे. आईच्या माहेरचे आडनाव नातवाच्या रूपाने जगावे, म्हणून जी रीत खानदानी घराण्यांत चालत होती, तिचा पुढे मध्यमवर्गाने विनासनद वापर केला. वतन नाही, निदान वतनदाराचे नाव तरी असावे!

रॉबर्ट क्लाइव्हच्या हयातीत मात्र त्याचे नाव मुलास ठेवण्याची हौस फारशी कोणास झाली असती असे दिसत नाही. हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेल्यांस तिकडे ‘नबाब’ म्हणून हिणवीत, आणि त्या नबाबांचा तो शिरोमणी. पार्लमेंटने १७७२-७३ मध्ये त्याच्या कारभाराची चौकशी केली. १७७४ च्या नोव्हेंबरात लंडनमधील आपल्या घरी तो मरण पावला, बहुधा स्वतःच्या हातून, आणि मोर्टन सेच्या लहानशा चर्चमध्ये, नेमके ठिकाण दाखविणारा दगडही न बसविता, त्यास पुरण्यात आले. त्याचा जीर्णोद्धार केला तो लेखणीने. १८४० मध्ये मेकॉलेने त्याच्यावर जो निबंध लिहिला, त्याच्या भाषाप्रवाहात पुष्कळशी पापे वाहून गेली. पण आडनावाचे पाळण्यातले नाव होण्याची क्रिया मला अधिक स्पष्ट दिसते ती थॅकरेच्या ‘द न्यूकम्स’ या १८५३ ते ५५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत. थॅकरे स्वतः कलकत्त्यात जन्मलेला; त्याचा कर्नल न्यूकम हा कंपनीच्या फौजेतला भोळा, सज्जन अधिकारी, आणि त्याने मुलाचे नाव ठेवले आहे क्लाइव्ह. गंमत अशी की हा क्लाइव्ह तलवारीऐवजी कुंचला धरतो. बापाने नाव ठेवताना जे मनात आणले, ते मुलाच्या अंगी उतरले नाही. पण वाचकांच्या मनात प्लासीच्या जागी एक हळवा, देखणा तरुण आला, आणि नाव सुटे झाले.

नाव सुटे होणे म्हणजे काय, ते पुढच्या पिढ्यांनी दाखविले. १८९८ साली बेलफास्टमध्ये जन्मलेल्या सी. एस. लुइस यास क्लाइव्ह हे नाव मिळाले होते. त्या बालकाने चारेक वर्षांचा असतानाच ते झुगारले आणि जन्मभर ‘जॅक’ म्हणवून घेतले. उलट, ऑस्ट्रेलियात १९३९ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव होते व्हिव्हियन. त्याच वर्षी व्हिव्हियन लीचा ‘गॉन विथ द विंड’ आला, आणि ते नाव मुलींचे होऊन बसले. मुलगा हैराण झाला; तेव्हा एका चित्रपटातील पात्रावरून त्याने नवे नाव घेतले, आणि तोच पुढे लेखक क्लाइव्ह जेम्स म्हणून गाजला. त्याच्या त्या निवडीत ना अर्काट होते ना मीर जाफर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नाव ब्रिटिश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत असेच निर्धास्त हिंडत होते. १९४४ साली ब्रिटिश गयानात, जेथे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले त्या भूमीत, लॉइड दांपत्याने मुलास ते दिले, तेव्हा त्यांच्या मनात प्लासी असेल असे मला वाटत नाही. कीर्तीने वर चढविलेले नाव सर्वसामान्य व्हायचे, तर ती कीर्ती आधी झिजावी लागते.

आज इंग्लंडात नवजात मुलास हे नाव क्वचितच मिळते. याचे श्रेय साम्राज्याविषयीच्या अनुतापास देण्याची टूम निघेल. मला ती पटत नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांच्या दारातला क्लाइव्हचा पुतळा हलवा, असा गलबला २०२० मध्ये झाला. नाव तर त्याच्या कितीतरी आधीच ओसरले होते. ते ओसरले ते नायजेल किंवा ट्रेव्हर ओसरले त्याच कारणाने, आणि आपल्याकडचा दामोदर किंवा पांडुरंग ज्या कारणाने पाळण्यातून उठून आरामखुर्चीत गेला त्याच कारणाने: एका पिढीने ते इतके वापरले की ते काकांचे झाले, आणि काकांचे नाव बाळास कोण ठेवतो? आजोबांचे ठेवतात. आल्फ्रेड, आर्थर, आर्ची हे तिकडे परतले आहेत. क्लाइव्हची पाळी अजून आलेली नाही. शिवाय त्याला लाडाने हाक मारायची कशी, हीही अडचणच आहे. अनुताप होतो तो सरकारी ठरावांतून. कलकत्त्याचा क्लाइव्ह स्ट्रीट नेताजी सुभाष रोड झाला, तो असाच.

त्या जानेवारीत लॉइडचे द्विशतक झाले तेव्हा एक पोर आनंदाने मैदानात धावले, शिपायांनी त्यास बदडले, आणि त्या क्लाइव्हचे अभिनंदन करणाऱ्याची बाजू घेऊन मुंबईकरांनी प्रेक्षागार डोक्यावर घेतले. पुढल्याच वर्षी सुनील गावसकर यांनी मुलाचे नाव गयानाच्याच रोहन कन्हायवरून रोहन ठेवले, आणि मग आमच्या गल्लीतही एक रोहन निघाला.

नानांना धावसंख्येशी कर्तव्य नव्हते, पण गावात घडलेले टिपून ठेवण्याची कचेरीतली खोड होती. संध्याकाळी त्यांनी रोजनिशी काढली, “नाबाद ना?” असे दोनदा विचारून खात्री केली, आणि वळणदार अक्षरांत लिहिले: लॉर्ड क्लाइव्ह, २४२, नाबाद. मग चष्मा पुसून ‘लॉर्ड’ खोडला, आणि समासात दुरुस्तीची सही केली.