न्हाणीतील दोष आणि गवंड्याची मजुरी

नवे घर बांधून झाले, भिंतींचा रंग वाळला, माणसे राहावयास गेली. आणि महिन्याभरात असे आढळून आले की, न्हाणीतील पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येते, फरशीवर बोट ठोकले असता ती पोकळ वाजते, आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीचा गिलावा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओलाव्याने फुगू लागला आहे. अशा प्रसंगी घरधन्याने काय करावे? प्रश्न वरवर गवंडीकामाचा दिसतो. तथापि तो थोडा उलगडून पाहिला म्हणजे त्याच्या पोटात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे असे दिसून येते, आणि त्याविषयीच आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत न्हाणीघर बहुधा मागील अंगणाकडे असे. खाली दगडी फरशी, कडेला मोरी, आणि मोरीचे पाणी अळूच्या वाफ्यास किंवा केळीच्या बुंध्यास जाई. तेथे फरशीचा ढाळ चुकला तरी पाणी मातीत मुरे. शेजाऱ्याचे त्यात काही बिघडत नसे. आता घरावर घर चढले आहे. एकाची न्हाणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर येते, आणि वरच्या घरातील चुकलेला सांधा खालच्या घरातील माणसाच्या ताटावर ठिबकतो. ह्या एका फरकाने न्हाणीचे काम हा ज्याचा त्याचा खाजगी विषय राहिला नाही. (मजेची गोष्ट अशी की, आंघोळीची जागा अशी बदलली तरी आपला शब्द इंजिनियर लोकांनी टाकला नाही, फरशीखाली जे वाकडे भांडे बसवितात त्यास ते अद्याप ‘न्हाणी ट्रॅप’ असेच म्हणतात. त्या भांड्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते व तेच गटाराची दुर्गंधी घरात येऊ देत नाही.)

पाणी अडविणे हे सामानाच्या महागपणावर अवलंबून नसते. नाशिकजवळ गोदावरीवरील गंगापूर धरण, जे १९६५ साली पूर्ण झाले, ते मातीचे आहे. अशा धरणांत मध्यभागी काळ्या चिकण मातीचा गाभा थर देऊन दाबीत नेतात, बाहेरून मुरूम घालतात, आणि जे थोडे पाणी झिरपणारच त्यास वाट करून देतात. मातीने नदी अडते, आणि परदेशी फरशी लावलेल्या न्हाणीतून दोन बादल्या पाणी गळते! कारण उघड आहे. धरणात कोणी थर चुकवीत नाही, न्हाणीत चुकवितात. फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट घालावा, पाणी न झिरपू देणारा लेप द्यावा, भिंत व जमीन ह्यांच्या सांध्यास गोलाई द्यावी, सिमेंटला पुरेसे दिवस पाणी मारावे, चार फुटांच्या न्हाणीत पाऊण इंच तरी ढाळ राखावा, आणि फरशी बसविण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाणी तुंबवून पाहावे. एवढेच हे शास्त्र आहे. पाणसळ व ओळंबा ज्याच्या पेटीत आहे असा कोणताही गवंडी ते जाणतो.

मग तो ते करीत का नाही? येथे घाईने निवाडा देऊ नये. न्हाणीचे काम बहुतकरून उक्ते दिलेले असते. फरशी किती फूट बसली ह्यावर पैसे मोजतात. फरशीखाली काय झाले ह्यावर कोणी मोजीत नाही. पाणी तुंबवून तीन दिवस थांबावयाचे म्हणजे गवंड्याचे तीन रोज बुडाले. ठेकेदारास दुसरे काम धरावयाचे असते. घरधन्याने घरभरणीचा दिवस ठरवून पाहुण्यांस पत्रे धाडलेली असतात. ज्याने फरशीचा रंग निवडण्यासाठी चार दुकाने पालथी घातली त्याने फरशीखालच्या लेपाविषयी एक प्रश्नही विचारलेला नसतो. आणि जी बाई त्या न्हाणीत रोज धुणे धुणार, वाकून पाणी लोटणार, तिला तर ढाळ कोणत्या अंगास हवा हे कोणीच विचारलेले नसते. इतक्या जणांनी मिळून केलेली चूक शेवटी एका माणसाच्या थापीवर लादली जाते.

आता समजा, नाशिकच्या एखाद्या नव्या वस्तीत एका कुटुंबाने असे घर बांधविले. गळती दिसली तेव्हा ठेकेदार भेटेना. परंतु फरशी बसविणाऱ्याचे शेवटचे काही हजार रुपये द्यावयाचे राहिले होते. घरधनी म्हणतो, ‘आता एक पैसा मिळणार नाही.’ हे बोलणे त्यास न्यायाचे वाटते, कारण नुकसान त्याचे झाले आहे व पैसाही त्याच्याच हाती आहे. आम्ही विचारतो, हा दंड ज्याच्यावर बसला तो दोषी म्हणून बसला, की जवळ सापडला म्हणून? पेठ व सुरगाणा ह्या बाजूंची कितीतरी माणसे शहरात बिगारीवर येतात व भातलावणीच्या दिवसांत घरी परततात. त्या गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलणारा असाच कोणी असेल तर राखून धरलेला पैसा त्याच्याही चुलीचा आहे. आणि ढाळ कोणत्या अंगास द्यावा हे तर त्याने कधीच ठरविलेले नव्हते.

कोणी म्हणेल, ‘मग वाईट कामाचेही पूर्ण पैसे द्यावे काय?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वाईट कामास मुकाट्याने पैसे देणे हा उदारपणा नव्हे. पुढील घरधन्यास त्याच खड्ड्यात लोटण्याचा तो एक प्रकार आहे. परंतु पैसा राखून ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काम देतानाच, ‘दहावा भाग आम्ही अमुक महिने राखून ठेवू, न्हाणी गळली नाही तर देऊ,’ असे ठरले व लिहिले असेल तर तो करार होय. कारागीर त्या अटीवर काम घेतो किंवा सोडतो. त्यास आपल्या हाताचा भरवसा असेल तर तो घेईल. मागाहून, काम झाल्यावर, बलवानाने एकट्याच्या मर्जीने हात आखडला तर त्यास करार म्हणता येत नाही. रक्कम दोन्हीकडे तीच असेल. तथापि एक न्याय आहे व दुसरी बळजोरी. आमच्या मते जेवढे काम खरोखर झाले तेवढ्याची मजुरी ठरल्याप्रमाणे चुकती करावी, आणि दुरुस्तीची मागणी वेगळी, स्पष्ट व तोंडावर करावी.

ही मागणी कोणापाशी करावयाची ह्याविषयी फार प्राचीन काळापासून विचार झालेला आहे. बाबेलचा राजा हम्मुराबी ह्याच्या कायद्यांत, जे आजपासून सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी शिळेवर कोरले गेले, असे एक कलम आहे की, बांधणाऱ्याने भिंत पक्की केली नाही व ती झुकू लागली तर त्याने ती स्वतःच्या पैशाने मजबूत करून द्यावी. घर कोसळून माणूस मेल्यास त्याच कायद्यातील शिक्षा भयंकर आहेत. परंतु केवळ काम कच्चे असल्यास दंड म्हणून दुरुस्तीच सांगितली आहे. आपल्या देशातील स्थावर संपदेचा जो कायदा २०१६ साली झाला त्याच्या १४ व्या कलमातही हेच तत्त्व आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष कळविला तर तीस दिवसांत, जास्त पैसे न घेता, तो दूर करावा असे ते कलम सांगते. आणि हे कर्तव्य त्याने प्रकल्प उभारून घर विकणाऱ्यावर घातले आहे, थापी धरणाऱ्यावर नव्हे. ज्याने वेळ ठरविली, भाव ठरविला, व नफा घेतला त्यास कायदा शोधतो. महाराष्ट्रात ह्या कायद्याची अंमलबजावणी महारेराकडे आहे. लहान बांधकामांस तेथील नोंदणीचे बंधन नाही. तथापि पैसे घेऊन घर बांधून देणे ही ग्राहक कायद्याप्रमाणे सेवाच होय, व तिच्यातील उणिवेबद्दल जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांच्या आत जाता येते. त्यासाठी पावती, करार व दिनांकासह लिहिलेले पत्र जवळ असावे. तोंडी भांडणाचा तेथे उपयोग नाही.

दोष कसा पाहावा ह्याचा एक नमुना लेवीय पुस्तकाच्या चवदाव्या अध्यायात आहे, आणि घराच्या ओल्या भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे तो अध्याय फार निराळा वाटू लागतो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर धन्याने ते लपवू नये, जाऊन कळवावे. पाहणाऱ्याने घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढून दुसरे बसवावे व नवा गिलावा करावा. आणि इतके करूनही तो परतला तरच घर पाडावे. पहिल्याच दिवशी कुदळ उचलावयाची नाही, तसेच चट्ट्यावर चुना फासून स्वस्थही बसावयाचे नाही.

चुना फासण्याचा मोह मात्र मोठा आहे. भिंतीस नवा रंग द्यावा, ओलावा दिसेनासा होताच घर विकून टाकावे, आणि घेणाऱ्याने विचारले नाही म्हणून आपणही सांगितले नाही अशी मनाची समजूत घालावी. हे शहाणपण आपल्या लोकांत पुष्कळ चालते. ज्या ठेकेदारास आपण वर्षभर शिव्या दिल्या त्याच्याच जागी आपण येऊन बसलो हे अशा वेळी ध्यानात येत नाही. त्याने फरशीखाली झाकले, आपण रंगाखाली झाकतो. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याने ‘छत ओले होत आहे’ असे सांगितले असता, ‘तुमचेच काही असेल’ असे म्हणून दार लावून घेणे हेही त्याच जातीचे होय.

खेड्यांतील आमच्या वाचकांस वाटेल की, हे सर्व शहरवाल्यांचे दुखणे आहे. तसे नाही. प्रधानमंत्री आवास योजना गावांसाठी २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलास १ लाख २० हजार रुपये, व शौचालयास वेगळे १२ हजार रुपये असे साहाय्य ठरले. हे पैसे काम जसजसे पुढे जाईल तसतसे हप्त्यांनी घरधन्याच्याच खात्यात येतात. म्हणजे तेथे विकासक नाही, ठेकेदारही पुष्कळदा नाही, बांधविणारा आपणच. पुढील हप्ता मिळावा म्हणून भिंती लवकर उभ्या कराव्या, आणि न्हाणी शेवटी उरलेल्या रेतीत व उरलेल्या दिवसात उरकावी, असे घडते. तेथे गाऱ्हाणे कोणापुढे नेणार? गवंडी त्याच गावचा, बहुधा नात्यातला किंवा आळीतला. त्याच्याशी भांडले तर उद्याच्या लग्नकार्यात तोंड चुकवावे लागते. न भांडावे तर भिंत ओली राहते.

अशा ठिकाणी आमची सूचना एवढीच आहे की, त्यास चारचौघांत न बोलता घरी बोलवावे. घरधनीण हजर असावी, व पाणी कोठे तुंबते हे तिनेच बादली ओतून दाखवावे. मागील मजुरी राहिली असल्यास ती आधी द्यावी. मग दुरुस्तीस सामान किती, दिवस किती, हे ठरवावे. आपल्या घाईने जे बिघडले त्याचे सामान आपण आणावे, त्याच्या हयगयीने जे बिघडले त्याचे रोज त्याने सोडावे. जेथे फरशी पोकळ वाजते तेवढीच उचलावी. लेप झाल्यावर न्हाणीचे तोंड बंद करून तिच्यात पाणी भरावे आणि तीन दिवस कोणी तिकडे फिरकू नये. तोवर आंघोळी परसात झाल्या तरी चालतील. तिसऱ्या दिवशी गवंड्यास सोबत घेऊन भिंतीची दुसरी बाजू हाताने चाचपून पाहावी, आणि घर मजल्याचे असेल तर खालच्या बिऱ्हाडी जाऊन त्यांचे छतही त्यास दाखवावे.