सही नसलेला करार



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. देवांनी दिलेले भोग, त्यांना काहीच परत न देता जो भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. शब्द कडक आहे. कॉलेजात असताना मला प्रश्न पडायचा, ज्यानं कुणाचं काही उचललं नाही, कुठं सही केली नाही, तो चोर कसा?

जर्मनीत राहायला आल्यावर घरच्या लाइटमुळे हा श्लोक मला जास्त नीट कळला.

आपल्या कंधारला नवीन मीटर घ्यायचं तर आधी महावितरणकडे अर्ज, जागेचा पुरावा, ओळखपत्र, अनामत रक्कम. मग मीटर आणि मग लाइट. जर्मनीत भाड्याच्या घरात क्रम सहसा उलटा. किल्ली मिळाली, बटण दाबलं, की दिवा लागतो. कुठल्या कंपनीशी तुम्ही एक शब्दही बोललेले नसता, पण कायद्यानं करार तिथंच होतो. त्या भागात सगळ्यात जास्त घरगुती ग्राहक असलेली कंपनी 'ग्रुंडफेरझोर्गर', म्हणजे मूळ पुरवठादार. तुम्ही दुसरी कंपनी निवडेपर्यंत वीज तिची. तिचा दर बहुतेक वेळा महाग असतो, पण २ आठवड्यांची नोटीस देऊन तिला सोडता येतं. आणि 'मी वीज वापरतोय' हे तिला लगेच कळवायचं काम वापरणाऱ्याचं.

म्हणजे देणं सहीपासून नाही, वापरापासून सुरू होतं. गीताही तेच सांगते.

कुणी म्हणेल, "मी मागितलंच नव्हतं, मग ऋण कसलं?" प्रश्न रास्त आहे. जन्म, पाऊस, आईच्या हातची भाकरी, यातलं काही आपण अर्ज करून घेतलेलं नाही. पण भगवंत मिळाल्याबद्दल दोष देत नाहीत. घेत राहायचं आणि पुढं काहीच द्यायचं नाही, याला ते चोरी म्हणतात. जर्मन कायद्यातही नुसतं घरात वीज आहे म्हणून करार होत नाही, ती वापरली की होतो.

आता खरी परीक्षा. घर ताब्यात घेताना मीटरचं रीडिंग लिहून कळवावं लागतं. तिथं जुन्या भाडेकरूचे युनिट संपतात आणि आपले सुरू होतात. समजा, कुणी आकडा थोडा वाढवून लिहिला. कंपनीला तिचे पैसे मिळतातच. फक्त ते भरतो तो माणूस, जो घर सोडून गेलाय आणि आपल्याला कधी भेटणारही नाही. तारेवर आकडा टाकणाऱ्याला २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ पकडतं. इथं मात्र सगळे कागद स्वच्छ दिसतात. भगवंतांचा तो कडक शब्द मला अशाच माणसासाठी वाटतो.

बिल भरलं की हिशेब संपला, असंही नाही. परळीच्या औष्णिक केंद्रात रात्रपाळी करणारा, भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन, यांचं देणं बिलात पूर्ण मावत नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं असतं. यज्ञाचा अर्थ मी तरी असाच घेतो.

आज संध्याकाळी दिवा लावताना एवढंच आठवा : आज मी कुणाकुणाचं वापरलं, आणि त्यातलं पुढं किती दिलं?

राम कृष्ण हरि.