खुनी नसलेला खून

शेरलॉक होम्सच्या कथांमधला बहुधा सगळ्यांत सभ्य दिसणारा खलनायक फुलपाखरांचं जाळं घेऊन माळावर धावताना आपल्याला पहिल्यांदा भेटतो. ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधला स्टेपलटन निसर्गाचा अभ्यासक आहे. दलदलीत पाय कुठे टेकतो आणि कुठे रुततो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि कुत्रा लपवायला तो नेमकी हीच माहिती वापरतो. (कादंबरी 1902 सालची आहे. रहस्य फोडलं म्हणून एव्हाना कुणी रागावू नये.) गेले काही महिने माझं वाचन रहस्यकथा आणि रानावनाची पुस्तकं असं आलटूनपालटून चाललं आहे. या दोन प्रकारांची सोयरीक दिसते त्याहून जवळची आहे, असं आता वाटू लागलं आहे.

मराठीत मात्र त्यांना एका पंक्तीला बसवायची रीत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागायचे, पण समीक्षकांच्या लेखी तो वेळ घालवायचा उद्योग. उलट रानावर लिहिणाऱ्याला आपण ऋषितुल्य ठरवतो. मारुती चितमपल्लींना 2006च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते योग्यच झालं, पण त्यांच्यामागून आलेलं पुष्कळसं निसर्गलेखन नुसतंच हळवं आहे. पान उलटावं तिथे धुकं, पावा आणि आदिम हाक. असं लिहिणाऱ्याला ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं कुणी विचारत नाही. अर्नाळकरांचा वाचक निदान पुरावा मागायचा.

जिम कॉर्बेट हा पुरावा मागणारा लेखक. चंपावतच्या वाघिणीनं नेपाळात आणि कुमाऊंत मिळून 436 माणसं मारल्याची नोंद आहे. 1907 साली तिला मारल्यावर कॉर्बेटनं तिचं तोंड उघडून पाहिलं. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती इजा होती. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसाकडे वळली, असं त्याचं अनुमान. म्हणजे शेवटच्या प्रकरणात संशयाची सुई फिरून बंदूक चालवणाऱ्या कुणा अनामिकाकडे वळते. रुद्रप्रयागच्या बिबळ्याची फाइल तर आणखी खोलात जाते. 1918च्या तापाच्या साथीत माणसं एवढी मेली की प्रेतांना रीतसर अग्नी देणं होईना. तोंडात निखारा ठेवायचा आणि देह दरीत ढकलायचा. बिबळ्यांना माणसाच्या मांसाची चटक तिथून लागली, असं कॉर्बेट मांडतो. गढवालात अशा हत्यांचा आळ एका साधूवर आल्याची हकिकतही तो सांगतो. दिवसा साधू आणि रात्री बिबळ्या, अशी लोकांची समजूत. मला ही हकिकत फार बोलकी वाटते. साथ, दरी आणि भूक यांना फासावर देता येत नाही. साधूला देता येतं.

रहस्यकथेचा खरा आधार हाच. खून कितीही गुंतागुंतीचा असो, शेवटी दिवाणखान्यात सगळे जमतात, एका माणसाकडे बोट दाखवलं जातं आणि बाकीचे सुटतात. वाचकही सुटतो.

आता आपल्याच उपखंडातलं एक प्रकरण. 1990च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं माना टाकून बसताहेत आणि मरताहेत. पुढे देशभर तेच दिसलं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून जास्त घटली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत प्रेतं गिधाडांवर सोपवणाऱ्या पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवायची पाळी आली. पहिला संशय विषाणूवर गेला. कीटकनाशकं आणि जड धातूही संशयित होते. पाकिस्तानी पंजाबात संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं, तेव्हा काळजावर, यकृतावर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर सापडले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. एकेक संशयित तपासून सोडून देत ते गुरांच्या डॉक्टरांपर्यंत आणि औषधांच्या दुकानांपर्यंत पोचले. तुम्ही गुरांना काय देता, एवढाच प्रश्न. उत्तर होतं डायक्लोफेनॅक, आपण सांधेदुखीवर घेतो तेच. पांढरे थर असलेल्या 25 गिधाडांपैकी 25 जणांत ते सापडलं. थर नसलेल्या 13 जणांत एकातही नाही. हे 2004 साली छापून आलं. पाय सुजलेल्या बैलाला कुणीतरी इंजेक्शन दिलं, बैल तरीही मेला, गावाबाहेर टाकला गेला, गिधाडं उतरली. मेलेल्या शंभर गुरांत असं एकही नसलं, दीडदोनशेत एखादंच असलं, तरी एवढा संहार होऊ शकतो असं पुढे गणितानं दाखवलं.

हर्क्युल पॉयरोनं या दिवाणखान्यात कुणाला बसवावं? शेतकऱ्याला? त्याचा हेतू जनावराची कळ थांबवण्याचा होता. पॉयरोची लेखिका अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं देण्याचं काम करायची, विषांची ओळख तिला तिथेच झाली. औषध आणि विष एकाच फडताळात असतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! पण तिच्या गोष्टीत बाटली उचलणारा हात हेतुपुरस्सर असतो. इथे हेतूच दयेचा, आणि ज्याला विष लागू पडलं तो पक्षी इंजेक्शन देणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

हेतू हा शब्द रानात नेताना जपावं लागतं. वानरांच्या अभ्यासक सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर लिहिताना (1977) टोळी बळकावणारा नर पिल्लं का मारतो हे मांडलं, तेव्हा ही विकृती की वंश पुढे नेण्याची रीत, यावर अभ्यासकांत मोठं भांडण झालं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या अशाच झगड्यांची गोष्ट आहे, पण तिच्यात ना फिर्यादी ना आरोपी. म्हणून ती चांगल्या रहस्यकथेइतकी पकडते आणि रहस्यकथेसारखी सोडत नाही.

म्हणूनच निसर्गलेखकांनी रहस्यकथांकडून तपास उचलावा आणि शेवट तेवढा टाकावा, असं माझं म्हणणं आहे. गिधाडांच्या प्रकरणाला तर अजून शेवट नाहीच. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 साली बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 साली त्या 3 मिलिलिटरवर आणल्या. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध तोवर उपलब्ध होतं. तरी बाजारात असेक्लोफेनॅक चालूच राहिलं, जे गाईच्या पोटात गेलं की डायक्लोफेनॅकच होतं. झुंजारच्या गोष्टीत असं वेषांतर चारदोन पानांत उघडं पडलं असतं. इथे त्यावर बंदी यायला 2023 साल उजाडलं.