पाण्याखालून वर येणारी नाव

शास्त्रभाग : 2 करिंथ 4:7-10

काँक्रीटची नाव तरंगते, हे आपणांस सहजासहजी खरे वाटत नाही. पण अमेरिकेतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशा नावा बांधतात. 1971 साली इलिनॉय व पर्ड्यू या विद्यापीठांत अशी शर्यत झाली. 1988 साली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. मुले वल्ही मारतात आणि आईबाप, भावंडे काठावरून त्यांना हुरूप देतात.

पण स्पर्धेत आणखी एक कसोटी असते. नाव पाण्याने काठोकाठ भरून पाण्याखाली दाबतात. हात सोडल्यावर ती आपोआप वर आली पाहिजे. साधे काँक्रीट पाण्याच्या सुमारे 2.4 पट जड. त्याची नाव कोरडी असेतो आकारामुळे तरंगेल, भरताच तळ गाठील. म्हणून मुले महिनोन्‌महिने मिश्रणावर श्रम घेतात. खडीऐवजी काचेच्या पोकळ मण्यांसारखे हलके पदार्थ घालतात, नमुने मोडून पाहतात. वर येण्याचा गुण कसोटीच्या क्षणी कोठून आणणार? तो आधीच अंगी मुरलेला असावा लागतो.

आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातात. त्यांच्या नावेत पाणी शिरू नये, अशी आपण प्रार्थना करतो. ती योग्यच आहे. तरी नापास होणे, नोकरी जाणे, आजार, घरातला मृत्यू, हे पाणी आज ना उद्या शिरतेच. तेव्हा काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हजेरी व पाठ केलेली वचने यांनी नावेला आकार येतो. आकार हवाच. पण संकटात गुडघे टेकणारा बाप, अपमान विसरून क्षमा करणारी आई, चुकलेल्या मुलाला जवळ घेणारी मंडळी, हे आपल्या मिश्रणात आहे काय?

पौल स्वतःला व सोबत्यांना मातीची भांडी म्हणतो. ते चहूकडून दाबले गेले, खाली पाडले गेले, पण नष्ट झाले नाहीत. कारण सामर्थ्य भांड्याचे नव्हते, देवाचे होते. येथे नावेचा दृष्टान्त अपुरा पडतो. नाव आपल्या हलकेपणाने वर येते. आपण मरणातून उठलेल्या ख्रिस्ताच्या जीवनाने वर येतो.

म्हणून काठावरच्या आईबापांनो, मूल पाण्याखाली गेलेले दिसताच निकाल सांगून मोकळे होऊ नका. या महिन्यात आपण प्रत्येकाने मंडळीतील दूर राहणाऱ्या एका तरुणाची विचारपूस करू या. गुण नको, पगार नको. तो कसा आहे, एवढेच विचारू या, आणि त्याचे नाव घेऊन प्रार्थना करू या. आमेन.