सकाळी विझवता येणारा दिवा

पतंगाची आपण फार बदनामी केली आहे. मोहापायी दिव्यावर झेप घेऊन जळणारा, हा दाखला तुम्हीही लहानपणी ऐकला असेल. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र वेगळंच दिसलं. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. मध्येच आपला दिवा आला की 'वर' कुठे, हेच त्यांना कळेनासं होतं. म्हणजे पतंगाला मोह नव्हताच. आभाळावर त्याचा भरवसा होता.

इथे ओजिमात, आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या दिव्याभोवती उन्हाळ्यात पतंग घिरट्या घालतात, तेव्हा मला थोडं अपराधी वाटतं. माझं संशोधनच पतंगाच्या डोळ्यावर आहे. हरभऱ्या-तुरीवरची आपली घाटेअळी जपानमध्येही आहे. तिच्या पतंगाला इथे 'ओओताबाकोगा' म्हणतात, म्हणजे मोठा तंबाखू-पतंग. त्याच्या डोळ्यात उजेड टिपणारी ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात: काही अतिनील प्रकाशासाठी, काही निळ्या, काही हिरव्या. प्रत्येकाचं जनुक वेगळं.

जपानी शेतकरी फुलांच्या शेतात रात्रभर पिवळे दिवे लावतात. पतंगाच्या डोळ्याला वाटतं, अजून दिवसच आहे. तो फारसा उडत नाही, जोडीदार शोधत नाही, अंडी कमी पडतात. विषाचा थेंब नाही. पण मुक्या जिवाशी हे खोटं बोलणं झालं. ते योग्य आहे का?

मला वाटतं, आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एका खोट्याने फवारणीचा पंप कुणाच्या पाठीवरून उतरत असेल, तर ते खोटं मी बोलेन.

खरा पेच पुढे आहे. क्रिस्पर तंत्राने ऑप्सिनचं जनुक प्रयोगशाळेत बंद करता येतं. उद्या असा बदल रानातल्या पतंगांत पिढ्यान्‌पिढ्या पसरवायचं कुणी ठरवलं तर? पिवळा दिवा सकाळी विझवता येतो. त्याने काही बिघडलं, शेवंती वेळेवर फुलली नाही, तर उद्या लावू नये. रानात सोडलेलं जनुक मात्र परत बोलावता येत नाही, आणि त्या पतंगांवर जगणाऱ्या वटवाघळांना आपण विचारलेलंही नसतं. म्हणून माझी कसोटी साधी आहे: जी फसवणूक मागे घेता येते, तेवढीच करावी.

विदर्भातला शेतकरी यावर म्हणेल, "तुम्ही तिकडे जपानात बसून 'थांबा' म्हणता. आमच्याकडे रात्रभर दिवा लावायला वीज कुठे आहे?" या प्रश्नाला माझ्या प्रयोगशाळेत उत्तर नाही. पण एवढं कळतं की 'थांबा' म्हणणाऱ्याने आधी तो दिवा त्याच्या बांधापर्यंत पोचवायला हवा. तोवर माझी सावधगिरी त्याच्या जिवावर चालते. तुम्हाला काय वाटतं?